वेकबोर्ड बोटीत बॅलास्ट पंप: कुठला घ्यायचा आणि कसा बसवायचा

वेकबोर्ड बोटीत मागची लाट, म्हणजे वेक, मोठी व्हावी म्हणून पाण्याच्या बॅगांनी वजन वाढवतात, आणि त्या बॅगा भरणारा-उपसणारा तो बॅलास्ट पंप. तो शोधायला बसलं की सगळ्यांची नजर आधी एकाच आकड्यावर जाते, तासाला किती गॅलन. 800 वाला आहे, 1200 वाला आहे, मग 1200 वालाच घेऊ, झालं. मीपण पहिला पंप असाच घेतला होता. आकडा बघायचाच, पण त्याच्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हा पंप बंद असताना त्याच्यातून पाणी जातं की अडतं? कारण दिवसभरात पंप चालतो फार तर अर्धा-पाऊण तास, उरलेला सगळा वेळ तो बंदच असतो, आणि बॅग आपोआप रिकामी होणं किंवा आपोआप भरत राहणं हे सगळं त्या बंद वेळातच होतं. रिकामी झाली तर वेक बिघडते एवढंच, पण आपोआप भरत राहिली तर बोट रात्रीत धक्क्यापाशीच बसू शकते.

माझ्या बोटीत डावी मागची बॅग सुरुवातीला टम्म भरलेली असायची आणि तीन-चार राउंड झाले की डावीकडची वेक मऊ पडायची. आम्ही माणसं इकडून तिकडे बसवली, वेग बदलून पाहिला, पुढचं वजन वाढवलं, काही फरक पडेना. शेवटी एकदा चालत्या बोटीत लॉकर उघडून बघितलं तर बॅग अर्धी झालेली. बोट प्लेनिंगवर आली, म्हणजे वेगात वर उचलून पाण्यावरून सरकायला लागली, की तळाच्या चपट्या फिटिंगवरून पाणी जोरात सरकतं आणि तिथे ओढ तयार होते, त्या ओढीने बंद पंपातून बॅगेतलं पाणी परत बाहेर चाललं होतं. पंप नवा होता, चांगला होता, बसवताना कुठे गळतीही नव्हती. बंद असताना तो उघडा असतो हे मात्र मी लक्षात घेतलं नव्हतं. तेव्हापासून मी सगळी मांडणी याच प्रश्नापासून सुरू करतो.

आधी वजनाचा हिशोब करून घ्या

पाण्याचा हिशोब सोपा आहे, 1 लिटर म्हणजे 1 किलो. गॅलनमध्ये मोजायचं तर अमेरिकन गॅलन 3.785 लिटरचा, म्हणजे साधारण 8.34 पाउंड. बॅगा पाउंडात विकल्या जातात, तर 750 पाउंडची बॅग म्हणजे 340 लिटर, 90 गॅलन. मागे अशा दोन आणि पुढे 400 पाउंडची एक घेतली तर नुसतं पाणीच 860 किलोच्या आसपास गेलं. त्यात सहा माणसं 75 किलोच्या हिशोबाने 450 धरा, म्हणजे 1300 किलोच्या वर. आता बोटीवरची कॅपॅसिटी प्लेट वाचा, मॅन्युअल वाचा, आणि तिथे लिहिलेल्या आकड्यात माणसं, सामान आणि पाणी हे सगळं मिळून बसतंय का बघा. बसत नसेल तर बॅग लहान घ्या. इथे कुणाचंही ऐकू नका, कारण जड बोट आपल्याच लाटेवर परत वळताना पुढचं टोक पाण्यात घालते आणि अख्खं पाणी आत येतं. अर्धवट भरलेली बॅगपण तितकीच वाईट, आतलं पाणी एका बाजूला धावतं आणि बोट त्याच बाजूला आणखी कलते. म्हणून बॅग पूर्ण भरायची नाहीतर पूर्ण रिकामी करायची, मधलं काही नाही.

पंप दोन जातीचे

पहिली जात एरेटर, म्हणजे सेंट्रिफ्युगल पंप. ॲटवुडचा त्सुनामी, रूल, जॉन्सनचे एरेटर हे सगळे यात. आत एक छोटा पंखा फिरतो आणि पाणी बाहेर फेकतो. स्वस्त असतात, आवाज कमी, करंट कमी (साधारण 3 ते 5 अँपियर, नक्की आकडा लेबलवर असतो), मोटरचं कार्ट्रिज बाहेर काढून नवीन टाकता येतं. पण हा पंप स्वतः पाणी ओढत नाही, पाणी त्याच्यापर्यंत आपणहून यावं लागतं. म्हणजे भरायचा पंप वॉटरलाईनच्या (बोटीला बाहेरून पाणी जिथवर लागतं त्या रेषेच्या) खालीच पाहिजे आणि उपसायचा पंप बॅगेच्या तळाच्याही खाली. दुसरं म्हणजे एकाच दिशेने चालतो, त्यामुळे प्रत्येक बॅगेला भरायला एक आणि उपसायला एक असे दोन लागतात. आणि तिसरं तेच, बंद असताना तो नुसता एक पाईप असतो, दोन्ही बाजूंनी उघडा.

दुसरी जात इंपेलर पंप. जॅब्स्कोचा बॅलास्ट पपी, बॅलास्ट किंग, जॉन्सनचा अल्ट्रा बॅलास्ट ही नावं तुम्ही ऐकली असतील. यात रबराच्या पाकळ्यांचं चक्र असतं, ते घराच्या भिंतीला घासत फिरतं आणि पाणी ओढून पुढे ढकलतं. हा स्वतः पाणी ओढू शकतो, म्हणून थोडा उंच बसवला तरी चालतो, वायर उलटी केली की उलटा फिरतो म्हणजे एकच पंप भरतोही आणि उपसतोही, आणि बंद झाला की पाकळ्या पाणी अडवून धरतात. माझ्या वरच्या प्रश्नाला याचं उत्तर जवळजवळ "अडतं" असं आहे. जवळजवळ म्हणतोय कारण पाकळ्या झिजल्या की थोडं थोडं झिरपायला लागतं. याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते: पैसे जास्त, आवाज जास्त, आणि करंट 15 ते 20 अँपियरच्या घरात. शिवाय कोरडा चालला की संपला, अर्ध्या मिनिटाच्या वर कोरडा चालू द्यायचाच नाही, रबर तापून पाकळ्या तुटतात, आणि त्या तुकड्यांनी पुढची नळी तुंबते ते वेगळंच.

वेळेचा हिशोब असा मांडा. लेबलवरचा आकडा हा पंपाला काही उंची चढवायची नसते, वळणं नसतात आणि व्होल्टेज पूर्ण असतं तेव्हाचा. तासाला 800 गॅलनवाला एरेटर कागदावर मिनिटाला 50 लिटर देतो, पण बोटीत एक मीटर उंची, दोन कोपरे आणि चार मीटर नळी लागली की 30-35 वर येतो, म्हणजे 340 लिटरची बॅग सात मिनिटांऐवजी दहा मिनिटं घेते. 1200 वाला तेच काम सातेक मिनिटांत करतो. इंपेलर पंप उंचीने फारसा मार खात नाही, त्यामुळे तासाला 700-800 गॅलनचा इंपेलर आणि 1200 चा एरेटर यांच्यात प्रत्यक्षात तेवढं अंतर उरत नाही जेवढं खोक्यावर दिसतं.

मग कुठला घ्यायचा? माझं मत स्पष्ट आहे. नव्याने सगळं बसवताय, बॅगा मोठ्या आहेत आणि बॅटरी-अल्टरनेटर धड आहेत, तर उलटा-सुलटा चालणारा इंपेलर घ्या, नळ्या निम्म्या होतात, भोकं निम्मी होतात, आणि कमी भोकं म्हणजे बोट बुडायचे कमी रस्ते. बोटीत आधीच एरेटर आहेत, तळाला फिटिंग आहेत, फक्त पंप दमलेत, तर उगाच सगळं उखडू नका, नवीन कार्ट्रिज टाका आणि व्हॉल्व नीट करा. छोट्या बॅगेसाठी किंवा फक्त पुढच्या एका बॅगेसाठी इंपेलरचा खर्च आणि आवाज मला पटत नाही.

तळाला भोक

या कामात सगळ्यात जास्त वेळ विचार करायला द्यायचा तो इथे. ड्रिल चालवायला दोन मिनिटं लागतात.

जागा शोधताना पहिला नियम, भोकाच्या मागे सरळ रेषेत प्रोपेलर, रडर, फिन किंवा स्पीडोमीटरचं चक्र येता कामा नये, कारण फिटिंगने घुसळलेलं पाणी तिकडे जातं आणि प्रोपेलरची पकड सुटते. तळाच्या लांब उभट पट्ट्यांवर भोक नको, आणि ट्रेलरच्या लाकडी आधारावर बोट बसते तिथेही नको, नाहीतर पहिल्याच दिवशी फिटिंग दाबलं जाईल. आतून हात पोचला पाहिजे, पाना फिरला पाहिजे आणि व्हॉल्वचं हँडल पूर्ण वळलं पाहिजे, हे आधी फिटिंग हातात धरून तपासा.

इंजिनाच्या थंड पाण्याच्या इनटेकला टी लावून पंप जोडायचा मोह होतो, भोक वाचतं म्हणून. तो रस्ता नकोच. बॅलास्ट पंप ओढायला लागला की इंजिनाचं पाणी कमी पडतं आणि इंजिन तापतं.

तीन पंप एकाच भोकावर मॅनिफोल्ड (एका नळीला अनेक फाटे देणारा जोड) लावून चालवायचे असतील तर क्षेत्रफळाचा हिशोब करा. तीन 1 इंची नळ्यांचं एकत्र क्षेत्रफळ पाहिजे असेल तर भोक किमान 1.73 इंच व्यासाचं लागतं, म्हणजे बाजारात मिळणारं पावणेदोन किंवा दोन इंची. 1 इंचाच्या भोकावर तीन पंप लावले तर तिन्ही अर्धपोटी चालतात, आणि मग पंप खराब निघाला म्हणून बोलणी खातो.

जागा नक्की झाली की आतून बारीक ड्रिलने छोटं भोक पाडा, मग बाहेरून मास्किंग टेप लावून होल सॉ (गोल भोक कापणारी करवत) चालवा. जेलकोट (बाहेरचा चकचकीत थर) पार होईपर्यंत ड्रिल उलटं फिरवा, कडा फुटत नाहीत, मग सुलटं करून उरलेलं कापा. तळात फोम किंवा बाल्साचा गाभा असेल तर भोकाभोवतीचा गाभा अर्धा-एक इंच कोरून काढा आणि तिथे जाडसर इपॉक्सी भरून, वाळल्यावर पुन्हा भोक पाडा, नाहीतर गाभ्यात पाणी शिरतं आणि काही वर्षांनी तळ मऊ होतो, आणि तो खर्च पंपाच्या कितीतरी पट असतो. सीलंट म्हणून मी थ्रीएमचं 4200 वापरतो. 5200 पण धरतं, पण ते कायमचं चिकटवण्यासाठी आहे, पुढे फिटिंग बदलायचं झालं तर जेलकोटसकट निघतं. नट हाताने घट्ट करून थोडा पान्याने आवळा, सगळं सीलंट पिळून बाहेर येईल इतका नाही, आणि पाकिटावर लिहिलाय तेवढा वेळ वाळू द्या. घाई करून पाण्यात उतरवलेल्या बोटी मी बघितल्यात.

प्रत्येक भोकावर व्हॉल्व पाहिजेच. बॉल व्हॉल्व, पाव फेऱ्यात बंद होणारा, कांशाचा किंवा मरेलॉनचा (बोटीच्या फिटिंगचं मजबूत प्लास्टिक). नळकामाच्या दुकानातला पितळी नको, पाण्यात राहून त्यातलं जस्त झिजून जातं आणि वरून चांगला दिसणारा व्हॉल्व एक दिवस हातात तुटून येतो. आणि हा व्हॉल्व असला की माझी ती रिकामी होणारी डावी बॅग आणि रात्री पाणी भरणारी बोट, या दोन्हीवर हातातला उपाय मिळतो: भरलं की बंद, घरी निघताना बंद.

नळ्या, व्हेंट आणि सायफन

नळी गुळगुळीत आतली, आत तारेचं किंवा प्लास्टिकचं कडं असलेली घ्या, कारण ओढणाऱ्या बाजूला साधी मऊ नळी पंप चालू झाला की चपटी होते आणि पाणी थांबतं. ती घडीघडीची पातळ बिल्ज (बोटीच्या तळाची पोकळी) उपसायची नळी स्वस्त आणि वळायला सोपी असते म्हणून सगळे घेतात, पण आतल्या घड्या प्रवाह अडवतात आणि लॉकरमध्ये सामान आपटून ती चिरते. वॉटरलाईनच्या खाली प्रत्येक जोडाला दोन दोन स्टेनलेस क्लॅम्प, शक्यतो 316 चे. कोपरे कमी ठेवा, 90 अंशाच्या फिटिंगऐवजी नळीलाच मोठं वळण देता आलं तर द्या.

एरेटर बसवताना हवेचा विचार करा. पंपाच्या डोक्यात हवा अडकली की मोटर गुणगुणत राहते आणि पाणी येत नाही. म्हणून पंपाचं बाहेरचं तोंड वरच्या दिशेला ठेवा आणि तिथून नळी सतत चढती न्या, मध्ये झोळ पडला की त्यात पाणी राहतं आणि मागची हवा तिथे कोंडते. तरीही अडकली तर पुढे तोंड असलेल्या इनटेकला हळू वेगात बोट पुढे नेली की पाण्याचा दाब हवा ढकलून देतो.

आता सायफन, म्हणजे पंप बंद असतानाही पाणी नळीतून आपोआप वाहत राहणं. एरेटरची भरायची नळी इनटेकपासून सरळ बॅगेत नेली तर बंद पंपातून पाणी दोन्हीकडे फिरतं, हे आपण बघितलं. उपाय म्हणजे नळी आधी वर न्यायची, बाजूच्या कडेखाली जेवढी उंच नेता येईल तेवढी, आणि त्या सगळ्यात उंच जागी व्हेंटेड लूप बसवायचा. त्याच्यावर छोटा हवेचा व्हॉल्व असतो, पंप थांबला की तो हवा आत घेतो आणि पाण्याची ओळ तुटते. उपसायच्या नळीलाही हेच. काहीजण लूपऐवजी चेक व्हॉल्व लावतात, चालतो, पण शेवाळाचा एक धागा अडकला तरी तो उघडा राहतो, म्हणून एकट्या त्याच्यावर मी बोट सोडत नाही. आणि इंपेलरवाल्यांनी एक लक्षात ठेवा, उलटा-सुलटा चालणाऱ्या पंपाच्या त्या एकमेव नळीत चेक व्हॉल्व लावायचाच नाही, भरेल छान पण रिकामी होणार नाही.

बाहेर पाणी सोडायचं तोंड बोटीच्या बाजूला वर पाहिजे, आणि वर म्हणजे किती हे रिकाम्या बोटीवर ठरवू नका. हे मी सगळ्यांना सांगतो. बॅगा तात्पुरत्या हातातल्या पंपाने भरा, माणसं बसवा, वेकसर्फिंग करणार असाल तर सगळी माणसं त्या एका बाजूला बसवा, आणि मग बाहेरून टेपने पाण्याची रेषा लावा. रिकाम्या बोटीत जे तोंड पाण्याच्या चांगलं वर दिसत होतं ते आता पाण्याखाली गेलेलं असतं, आणि पाण्याखालचं तोंड म्हणजे बाहेर जायच्या नळीतून पाणी आत यायचा रस्ता. त्या टेपच्या वर भोक पाडा.

व्हेंट विसरू नका. बॅगेच्या सगळ्यात वरच्या तोंडातून एक नळी बाहेर, बोटीच्या कडेच्या लगेच खाली. भरताना आतली हवा तिथून जाते आणि बॅग पूर्ण भरली की तिथून पाणी बाहेर पडायला लागतं, तीच तुमची खूण की आता पंप बंद करा. व्हेंट नसेल किंवा बारीक असेल तर पंप ढकलतच राहतो आणि बॅगेची शिवण नाहीतर लॉकरची फळी जाते. इथे बॅग आणि पक्की टाकी यांच्यात उलटा नियम आहे. बॅग असेल तर व्हेंटवर बाहेरच जाऊ देणारा चेक व्हॉल्व लावलेला बरा, म्हणजे उपसताना हवा आत येत नाही आणि पंप बॅग चपटी होईपर्यंत ओढतो. पक्की टाकी चपटी होऊ शकत नाही, तिला हवा आत यावीच लागते, तिथे व्हेंट उघडाच ठेवा. बॅगेत उपसायचं तोंड सगळ्यात खालच्या कोपऱ्यात ठेवा, आणि बॅगेचं कापडच त्या तोंडावर चिकटत असेल तर आत जाळीचा किंवा भोकं असलेल्या पाईपचा तुकडा टाका.

वायरिंग

इथे आधी जिवाची गोष्ट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी बिल्जमध्ये साचते, आणि आपले पंप नेमके तिथेच असतात. पेट्रोल इंजिनाच्या जागेत बसणारा प्रत्येक पंप, रिले, स्विच, फ्यूजचा डबा "इग्निशन प्रोटेक्टेड" असं लिहिलेलाच घ्या, म्हणजे त्याची ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवत नाही. अमेरिकेच्या कोस्ट गार्डच्या नियमांत हे सक्तीचं आहे आणि ते कारणाशिवाय नाही. गाडीचे साधे रिले स्वस्त मिळतात, ते वापरायचे तर डॅशबोर्डखाली, इंजिनाच्या जागेपासून वेगळ्या कप्प्यात. आणि काम सुरू करायच्या आधी ब्लोअर (इंजिनाच्या जागेतली हवा बाहेर काढणारा पंखा) किमान चार मिनिटं चालवा, नाकाने वास घ्या, आणि मग बॅटरी सोडवा.

वायर कलई केलेल्या तांब्याची, साधी तांब्याची वायर ओलीत दोन सीझनमध्ये आतून काळी पडते. जाडीचा हिशोब जाऊन-येऊन लांबीवर करायचा. समजा पंप बॅटरीपासून साडेचार मीटरवर आहे, म्हणजे एकूण 9 मीटर, आणि करंट 20 अँपियर. 2.5 चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर वाटेत 1.2 व्होल्ट जातो, 12 पैकी दहा टक्के, पंप दमून चालतो आणि वायर कोमट होते. 6 चौरस मिलिमीटरची घेतली तर अर्धा व्होल्ट जातो. एरेटरच्या 5 अँपियरला 2.5 चौरस मिलिमीटर अगदी व्यवस्थित. प्रत्येक पंपाला वेगळा फ्यूज, पंपाच्या लेबलवर लिहिलेल्या आकड्याचा, मोठा टाकायचा नाही कारण अडकलेला इंपेलर फ्यूजनेच वाचतो. शिवाय मुख्य वायरला बॅटरीजवळ फ्यूज हवा, अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचा नियम 7 इंचांच्या आत म्हणतो. जोड क्रिंप करा आणि आत गोंद असलेली हीट श्रिंक वापरा, नुसती टेप गुंडाळून बिल्जमध्ये सोडू नका.

एरेटरला साधा चालू-बंद स्विच पुरतो. इंपेलर उलटा फिरवायचा तर दोन्ही वायरी अदलाबदल व्हायला पाहिजेत, त्यासाठी मध्ये बंद असलेला डबल पोल डबल थ्रो स्विच लागतो, आणि तो पंपाच्या करंटला पेलणारा हवा. मला रिले जास्त आवडतात, म्हणजे जाड वायर डॅशपर्यंत ओढायला लागत नाही. एका पंपाला पाच पिनांचे दोन रिले घ्या. दोन्हीच्या 30 नंबरला पंपाची एकेक वायर, दोन्हीच्या 87 ला फ्यूजमधून आलेला प्लस, दोन्हीच्या 87ए ला मायनस, 85 ला मायनस, आणि 86 ला स्विचची एकेक बाजू. स्विच मध्ये असताना पंपाची दोन्ही टोकं मायनसवर, पंप थांबलेला. एक बाजू दाबली की एक रिले प्लस देतो, दुसरी दाबली की दुसरा, आणि पंप उलटा फिरतो. चुकून दोन्ही एकदम लागले तरी दोन्ही टोकं प्लसवर जातात, शॉर्ट होत नाही, ही या जोडणीतली चांगली गोष्ट. त्याच्या जोडीला टायमर लावता आला तर नक्की लावा, उपसताना गप्पांमध्ये पंप कोरडा चालत राहणं हेच इंपेलर मरायचं पहिलं कारण आहे.

तीन इंपेलर एकदम चालवले तर 45 ते 60 अँपियर झाले, आणि इंजिन आयडलवर असताना अल्टरनेटर त्याच्या पूर्ण क्षमतेच्या बराच खाली असतो. म्हणून इंजिन चालू ठेवूनच पंप चालवा, आरपीएम जरा वर ठेवा, आणि इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी ठेवा. बिल्ज पंपाची लाईनही वेगळीच ठेवा, बॅलास्टचा फ्यूज उडाला म्हणून बिल्ज पंप बंद पडता कामा नये.

पंप आडवा बसवलात तर ठीक, पण उभा बसवायचा झाला तर मोटर वर आणि पाण्याचं डोकं खाली. सील कधीतरी गळतोच, आणि तेव्हा पाणी मोटरमध्ये जायला नको.

पहिल्यांदा पाण्यात

ट्रेलर जोडलेलाच ठेवून बोट तरंगेल इतकीच पाण्यात घ्या. सगळे व्हॉल्व बंद ठेवून आधी फिटिंगभोवती कोरडा कागद फिरवा, मग एकेक व्हॉल्व उघडून परत कागद. मग एकेक पंप भरायच्या दिशेला चालवा, व्हेंटमधून पाणी येईपर्यंत घड्याळ लावा आणि तो आकडा लिहून ठेवा, पुढे कधी भरायला जास्त वेळ लागायला लागला की इंपेलर झिजला किंवा इनटेकला शेवाळ अडकलं हे लगेच कळतं. बॅग भरून पंप बंद केला की व्हॉल्व मुद्दाम उघडाच ठेवून वीस मिनिटं थांबा आणि बॅगेची उंची बघा, मग तशीच बॅग घेऊन वेगाने एक चक्कर मारा आणि परत बघा. व्हॉल्वच्या मदतीशिवाय पाणी जागेवर राहिलं तर लूपचं काम नीट झालं असं समजा. शेवटी रिकामी करा, आणि पाण्याऐवजी फसफस यायला लागली की त्याच क्षणी स्विच बंद.

इंपेलर दरवर्षी काढून बघा. पाकळ्या एका बाजूला वाकून तशाच राहिल्या असतील किंवा बुडाशी चिरा दिसत असतील तर बदला, नवीन घालताना ग्लिसरीन किंवा भांड्याचा साबण लावा, पेट्रोलियमचं ग्रीस नको कारण काही रबर त्याने फुगतं. एक जास्तीचा इंपेलर, कव्हरची ओ-रिंग आणि स्क्रूड्रायव्हर एका पिशवीत घालून कायम बोटीतच ठेवा. पाणी गोठतं अशा ठिकाणी बोट ठेवत असाल तर थंडीआधी पंपाचं कव्हर उघडून पाणी काढा, आणि नळ्यांमध्ये जे निघत नाही त्याच्यावर प्रॉपिलीन ग्लायकॉलचं अँटीफ्रीझ सोडा.

आणि एका तलावातून दुसऱ्या तलावात जाताना बॅगा पूर्ण रिकाम्या करून वाळवा. पंप कितीही ओढला तरी बॅगेच्या कोपऱ्यात आणि नळीच्या झोळात काही लिटर राहतातच, आणि झेब्रा मसलसारख्या शिंपल्यांची पिल्लं त्यात डोळ्यांना न दिसता जिवंत राहतात. एकदा ती नवीन पाण्यात सुटली की परत काढता येत नाहीत. मी बॅगांची क्विक कनेक्ट तोंडं सोडवतो, बॅगा बाहेर काढून उलट्या टांगतो, आणि रात्रभर लॉकरची झाकणं उघडी ठेवतो.